व्हासारी कॉरिडॉरचं तिकीट काढावं का? आणि उफिझीत कुठे थांबावं?

प्रश्न थोडक्यात असा आहे: आई-बाबांना घेऊन इटलीला चाललो आहोत, फ्लॉरेन्सला एकच पूर्ण दिवस मिळतोय. व्हासारी कॉरिडॉर, म्हणजे उफिझीपासून नदीपलीकडच्या वाड्यापर्यंत जाणारा उंचावरचा बंदिस्त रस्ता, बऱ्याच वर्षांनी उघडलाय असं वाचलं, तर प्रबोधनकाळातली चित्रं बघायला त्याचं जास्तीचं तिकीट काढावं का? आणि उफिझी गॅलरीत एवढी गर्दी असते, तर तिथे काय बघावं नि काय सोडावं?

मी चित्रकला शिकवते आणि विद्यार्थ्यांचे, हौशी मंडळींचे गट घेऊन उफिझीत जाते, त्यामुळे उत्तर जरा लांबेल. पहिल्या प्रश्नाचं मात्र सरळ उत्तर देते. चित्रांसाठी म्हणून व्हासारी कॉरिडॉरचं तिकीट काढू नका. तिथे आता चित्रं नाहीत, भिंती मोकळ्या आहेत.

जुन्या फोटोंत तुम्ही जी स्वचित्रांची रांग बघितली असेल, ती खरी होती. फ्लॉरेन्सवर राज्य करणाऱ्या मेदिची घराण्यातल्या कार्डिनल लिओपोल्दो याने सतराव्या शतकात चित्रकारांनी काढलेली स्वतःचीच चित्रं जमवायला सुरुवात केली. तो संग्रह पुढे वाढत गेला आणि 1973 पासून त्यातली कितीतरी चित्रं या कॉरिडॉरमध्ये टांगलेली असत. 2016 मध्ये सुरक्षेच्या कारणावरून कॉरिडॉर बंद झाला, मोठी दुरुस्ती झाली आणि 21 डिसेंबर 2024 ला तो पुन्हा उघडला, तो रिकाम्या भिंतींनिशी. दरम्यान 2023 मध्ये स्वचित्रांसाठी उफिझीच्याच पहिल्या मजल्यावर स्वतंत्र दालनं झाली. तुम्हाला ती बघायची असतील तर उफिझीचं साधं तिकीट पुरतं.

तरीही हा कॉरिडॉर ही काय चीज आहे ते सांगते, म्हणजे निर्णय तुम्हाला घेता येईल. कोझिमो पहिला या मेदिची राज्यकर्त्याचा कारभार नदीच्या अलीकडे पलाझ्झो व्हेक्कियोत चाले आणि राहता वाडा नदीपलीकडे, पलाझ्झो पित्तीत. रस्त्यावर न उतरता, सामान्य लोकांत न मिसळता एकीकडून दुसरीकडे जाता यावं, म्हणून त्याने 1565 मध्ये चित्रकार, वास्तुकार आणि कलावंतांचा चरित्रकार असलेल्या ज्योर्जो व्हासारीकडून हा उंचावरचा बंदिस्त रस्ता बांधून घेतला. मुलगा फ्रान्चेस्को याचं ऑस्ट्रियाच्या योहानाशी लग्न ठरलं होतं, त्याआधी काम संपवायचं होतं. व्हासारीने ते पाच महिन्यांत संपवलं. एक किलोमीटरच्या जवळपास लांबीचा हा रस्ता उफिझीतून निघतो, आर्नो नदीच्या काठाने कमानींवरून जातो, पोन्ते व्हेक्कियो या जुन्या पुलावरच्या दुकानांच्या डोक्यावरून नदी ओलांडतो, सांता फेलिचिता चर्चच्या दर्शनी भागावरून सरकतो आणि बोबोली बागेत उतरतो. पुलाच्या पलीकडच्या टोकाला मान्नेल्ली कुटुंबाचा मनोरा आहे. त्यांनी तो पाडू दिला नाही, तेव्हा कॉरिडॉर मनोऱ्याला वळसा घालून दगडी आधारांवर पुढे नेला. एवढ्या बलाढ्य राजाचा रस्ता एका घरासमोर वाकलेला आजही खालून दिसतो, आणि ते खालून फुकट दिसतं. पुलावर तेव्हा खाटकांची दुकानं होती. 1593 मध्ये कोझिमोचा दुसरा मुलगा फर्दिनांदो पहिला याने ती हलवून सोनारांना तिथे बसवलं. ती पेढ्यांची रांग अजून आहे.

या रस्त्याने फार सोसलंय. ऑगस्ट 1944 मध्ये माघार घेणाऱ्या जर्मन सैन्याने शहरातले बाकी सगळे पूल उडवले. पोन्ते व्हेक्कियो वाचला, पण त्याच्या दोन्ही टोकांची वस्ती जमीनदोस्त झाली. मग 27 मे 1993 च्या रात्री उफिझीच्या पश्चिमेकडच्या गल्लीत माफियाने मोटारीत बॉम्ब उडवला. पाच माणसं गेली, त्यात एक तान्हं बाळ होतं. गॅलरीची आणि कॉरिडॉरच्या सुरुवातीच्या भागाची मोडतोड झाली, काही चित्रं कायमची गेली. विया देई जॉर्जोफिली या त्या गल्लीतून जाल तेव्हा दोन मिनिटं थांबा.

म्हणून म्हणते, इतिहासाची, शहराच्या रचनेची आवड असेल आणि दोन दिवस हातात असतील तर कॉरिडॉर जरूर चाला. उघडला तेव्हा उफिझीसह त्याचं तिकीट 43 युरो होतं. आगाऊ बुकिंग लागतं, एका वेळी साधारण पंचवीस जणांचा गट सोडतात आणि वाट एकाच दिशेची आहे. उफिझीतून शिरायचं आणि नदीपलीकडे बाहेर पडायचं. तिथून उफिझीत परतता येत नाही, त्यामुळे चित्रं आधी बघून झालेली असावी लागतात. दुरुस्तीत चढ-उतारांसाठी सोय केली आहे, म्हणजे आई-बाबांची त्या बाबतीत अडचण होणार नाही. पण तुमच्याकडे एकच दिवस आहे. तुमच्या जागी मी असते तर तो वेळ नि पैसा दुसरीकडे लावला असता.

कुठे, ते सांगते. उफिझीच्या स्वतःच्या कॉरिडॉरमध्ये.

उफिझीच्या सर्वांत वरच्या मजल्यावर इंग्रजी यू अक्षराच्या आकारात तीन कॉरिडॉर आहेत. पूर्वेचा लांब, नदीकडचा आखूड, पश्चिमेचा पुन्हा लांब. चित्रांच्या खोल्या यांनाच लागून. आणि होतं असं की लोक जिना चढून येतात, हातातल्या नकाशावर बोट्टिचेल्ली या चित्रकाराचं दालन शोधतात आणि या कॉरिडॉरमधून बसस्टँड ओलांडावा तसे भराभर निघून जातात. मला याचं दर वेळी वाईट वाटतं. कारण गॅलरी सुरू झाली ती इथे. ही इमारत कोझिमोने 1560 मध्ये सरकारी कचेऱ्यांसाठी बांधायला घेतली, व्हासारीच्या आराखड्यावर. व्हासारी 1574 मध्ये गेल्यावर बुऑन्तालेन्ती आणि पारीजी या वास्तुकारांनी ती पुरी केली. वरचा सज्जा मोकळा होता. कोझिमोच्या मुलाने, फ्रान्चेस्कोने, 1581 च्या सुमारास तिथे प्राचीन पुतळे मांडले, छत रंगवून घेतलं, आणि कचेऱ्यांच्या माथ्यावर एक चालत चालत बघायची जागा तयार झाली. खोल्यांतली बहुतेक प्रसिद्ध चित्रं तिथे नंतर आली. म्हणजे प्रबोधनकाळातल्या माणसाला काय गोळा करावंसं वाटत होतं आणि कशाशेजारी काय ठेवावंसं वाटत होतं, याचा पुरावा या कॉरिडॉरमध्येच आहे.

इथे बघायचं तीन पातळ्यांवर: डोक्यावर छत, त्याच्या खाली चेहऱ्यांची रांग, आणि जमिनीवर पुतळे.

छतापासून सुरुवात करा. पूर्वेच्या कॉरिडॉरचं छत 1579 ते 1581 या काळात आन्तोनियो तेम्पेस्ता, अलेस्सांद्रो अल्लोरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रंगवलं. पांढऱ्या पार्श्वभूमीवर वेली, पक्षी, अर्धे मानव अर्धे प्राणी, मुखवटे, मध्येच एखादं छोटं दृश्य. ही पद्धत आली कुठून? 1480 च्या सुमारास रोममध्ये नीरो बादशहाचा गाडला गेलेला महाल सापडला. चित्रकार दोराला लोंबकळून त्या अंधाऱ्या खोल्यांत उतरायचे आणि मशालीच्या उजेडात छतावरची नक्षी उतरवून घ्यायचे. शे-सव्वाशे वर्षांत ती नक्षी युरोपभर पसरली. तुम्ही उभे असता त्या छतावर तिचं अत्यंत बहरलेलं रूप आहे. सगळं बघायला जाऊ नका, मान अवघडेल. एकच चौकट निवडा, तिच्या मध्यापासून कडेपर्यंत एक वेल नजरेने धरून ठेवा आणि ती कशाकशात बदलत जाते ते बघा. आई-बाबांना खिडकीशेजारच्या बाकावर बसवून हे करता येतं. लहान मुलं बरोबर असतील तर त्यांना हे सगळ्यात आधी जमतं.

छताच्या लगेच खाली छोट्या छोट्या व्यक्तिचित्रांची लांबच लांब ओळ आहे. तिच्याकडे वर बघणारा माणूस मला क्वचितच दिसतो. कोमो सरोवराकाठी राहणारा पाओलो जोव्हिओ नावाचा बिशप आणि इतिहासकार होता. जगभरातल्या नामांकित माणसांची चित्रं त्याने जमवली होती. 1552 मध्ये कोझिमोने क्रिस्तोफानो देल्लाल्तिस्सिमो या चित्रकाराला त्यांच्या नकला करायला तिकडे धाडलं. हा माणूस पुढची सदतीस वर्षं ते काम करत राहिला. पावणेतीनशेहून जास्त चेहरे! जोव्हिओचा मूळ संग्रह पुढे पांगला, त्यामुळे त्यात कोण कोण होतं हे आज बरंचसं या नकलांवरून कळतं. चित्रं थोर आहेत असं मी म्हणणार नाही. बरेच चेहरे एका साच्यातले आहेत. पण नावं वाचा, लॅटिनमध्ये वरच लिहिलेली असतात. कोलंबस आहे, तैमूर आहे, तुर्कस्तानचे सुलतान आहेत, इथिओपियाचा राजा आहे, इराणचा शाह इस्माईल आहे. हा तोच सफावी शाह इस्माईल, ज्याच्या दरबाराशी विजापूरच्या आदिलशाहीचं धर्माचं आणि वकिलातींचं नातं होतं. फ्लॉरेन्समधल्या एका राजाला आपल्या भिंतीवर हे सगळे शेजारी शेजारी हवे होते. जगातली माणसं चेहऱ्यांवरून ओळखता येतील, त्यांची यादी करता येईल, ही त्या काळाची भूक इथे उघड दिसते. हे बघून मग पिएरो देल्ला फ्रान्चेस्काने काढलेलं उर्बिनोच्या ड्यूक-डचेसचं जोडचित्र बघा. तिथे चेहरा म्हणजे काय असू शकतो ते कळेल. ड्यूक फेदेरिकोचा उजवा डोळा एका झुंजीत गेला होता, म्हणून डावी बाजू दिसेल असा एकचष्मी, म्हणजे बाजूने काढलेला चेहरा. पण गालावरचा मस आणि नाकाच्या मुळाशी पडलेली खाच यातलं काही लपवलेलं नाही.

आता पुतळे, आणि मला खरं बोलायचंय ते यांच्याविषयी.

आपल्याकडे जे. जे. किंवा कुठल्याही जुन्या कलाशाळेत शिकलेल्या माणसाला 'अँटिक' म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. ग्रीक-रोमन पुतळ्यांच्या प्लास्टरच्या प्रतींसमोर बसून पेन्सिलीने, कोळशाने दिवसच्या दिवस छायाप्रकाश काढायचा. मुंबईतल्या मुलांनी ते का करायचं, असा प्रश्न तेव्हा पडायचा आणि तो योग्यच होता. पण प्रबोधनकाळातल्या चित्रकारांसाठी हे पुतळे अभ्यासक्रमाचा भाग नव्हते, जमिनीतून नुकतंच वर आलेलं नवल होतं. लोरेन्झो दे मेदिचीच्या बागेत ठेवलेल्या प्राचीन शिल्पांपुढे कोवळा मायकेलअँजेलो शिकला. त्यामुळे उफिझीत माझा क्रम ठरलेला असतो. आधी कॉरिडॉरमधला दगड, मग खोलीतला रंग.

पुतळ्याजवळ गेलात की मान, खांदे, मनगटं निरखा. बऱ्याच ठिकाणी बारीक सांधा दिसेल आणि दोन्हीकडचा संगमरवर थोडा वेगळा असेल. जमिनीतून पुतळे निघाले ते मोडके. सोळाव्या-सतराव्या शतकातल्या शिल्पकारांनी त्यांना हात, नाकं, कधी अख्खी डोकी बसवली. म्हणजे एकाच पुतळ्यात रोमन काळही आहे आणि 'रोमन असा असावा' ही प्रबोधनकाळाची कल्पनाही. सांधा सापडला की दोन्हींची तुलना करा. मूळ भागातलं कापड अंगाला कसं चिकटतं, आणि नंतरच्या भागात बोटं कशी जरा जास्तच नाजूक होतात.

याचं सगळ्यात चांगलं उदाहरण त्रिबूना या खोलीत आहे. पूर्वेच्या कॉरिडॉरमधून तिचा दरवाजा लागतो. बुऑन्तालेन्तीने 1584 मध्ये पुरी केलेली ही आठकोनी खोली. आत पाऊल टाकू देत नाहीत, उंबऱ्यावरून बघायची. घुमटात हजारो शिंपले जडवलेत, भिंतींना लाल मखमल, जमिनीवर रंगीत दगडांचं जडावकाम. म्हणजे अनुक्रमे पाणी, अग्नी, पृथ्वी. आणि वारा दाखवायला वर वातकुक्कुट. मधोमध मेदिची व्हीनस, म्हणजे रोमन प्रेमदेवतेचा संगमरवरी पुतळा, उभी आहे. एक हात छातीपुढे, दुसरा खाली, मान किंचित वळलेली, वजन एका पायावर. तिचे हात सतराव्या शतकात एर्कोले फेर्राता या शिल्पकाराने बसवले आहेत. उंबऱ्यावर तुमची पाळी येईल तेव्हा मोबाइल काढण्याआधी तिची उभं राहण्याची पद्धत नीट मनात ठेवा. कंबर कुठे मोडते, वजन कुठल्या टाचेवर आहे.

आणि मग बोट्टिचेल्लीच्या दालनात 'व्हीनसचा जन्म' समोर जा. 1485 च्या आसपासचं चित्र, तेव्हाच्या मोठ्या चित्रांसारखं लाकडी फळीवर नाही, कापडावर. हातांची ठेवण तीच. मात्र ती ठेवण याच पुतळ्यावरून घेतली असं समजू नका. हा पुतळा फ्लॉरेन्सला आला 1677 मध्ये, बोट्टिचेल्ली गेल्यावर दीडशेहून जास्त वर्षांनी. पण या ठेवणीच्या मूर्ती चित्रकारांना माहीत होत्या. आता फरक बघा. संगमरवरी व्हीनसचं वजन जमिनीवर आहे, टाच दाबली गेली आहे. बोट्टिचेल्लीची व्हीनस शिंपल्याच्या कडेवर अशी कललेली आहे की खरी बाई तिथे क्षणभरही उभी राहू शकणार नाही. मान लांब, डावा खांदा असा उतरता की शरीरशास्त्राने तो नापास करावा. चित्रकाराला हाडं माहीत नव्हती म्हणून नव्हे. मानेपासून बोटांच्या टोकापर्यंत त्याला एक न तुटणारी रेघ हवी होती. त्या रेघेपाशी जवळ जाऊन बघा, जेवढं जाऊ देतील तेवढं. केसांत सोन्याच्या बारीक रेषा आहेत, त्या फोटोत येत नाहीत. प्राचीन मूर्तीतून ठेवण घ्यायची आणि तिचा भार काढून टाकायचा, हे बोट्टिचेल्लीने केलं. पुतळा न बघता आलेल्याला ते दिसणार कसं?

दक्षिणेच्या आखूड कॉरिडॉरमध्ये खिडकीला लागून उभे राहा. खाली आर्नो, समोर पोन्ते व्हेक्कियो, आणि पुलावरच्या दुकानांवर सरळ रेषेत गेलेलं कौलारू छप्पर नि त्याखाली छोट्या खिडक्यांची ओळ. तोच व्हासारी कॉरिडॉर. जादा तिकीट न काढता तो इथून पूर्ण समजतो. आई-बाबांना विसावा द्यायलाही हीच जागा चांगली.

पश्चिमेच्या कॉरिडॉरचं छत नंतरच्या काळातलं आहे. 1762 च्या आगीत त्याचा काही भाग जळाला आणि पुन्हा रंगवला गेला. तिथे मान वर करून फार वेळ घालवू नका. या कॉरिडॉरच्या अगदी टोकाला बाच्चो बान्दिनेल्लीने 1520 ते 1525 मध्ये केलेली 'लाओकून'ची प्रत आहे: सापांनी वेढलेला पुजारी आणि त्याचे दोन मुलगे. मूळ शिल्प जानेवारी 1506 मध्ये रोमच्या एका मळ्यात सापडलं तेव्हा बघायला धावलेल्यांत मायकेलअँजेलो होता. पिळलेलं धड, ताणलेल्या बरगड्या हे लक्षात ठेवून त्याचं 'तोन्दो दोनी' हे गोल चित्र बघा. मेरी गुडघे मोडून बसली आहे आणि खांद्यावरून मागे वळून बाळ घेते आहे. तो पीळ दगड फोडणाऱ्याच्या डोक्यातला आहे. मागच्या नग्न तरुणांपैकी एकात काही अभ्यासकांना लाओकून दिसतो. चौकट मूळचीच आहे, तिच्यातून पाच कोरीव डोकी बाहेर झुकतात. तीही बघा.

याच इमारतीत राजघराण्याचे कारखाने होते. रंगीत दगडांच्या जडावकामाचे आणि इतर कारागीर फर्दिनांदोने 1588 मध्ये एका व्यवस्थेखाली आणले. त्याचा धागा थेट गोव्यापर्यंत येतो. जुन्या गोव्यात बॉम जेझू बॅसिलिकेत सेंट फ्रान्सिस झेवियरची चांदीची पेटी गोव्यातल्या सोनारांनी 1636-37 मध्ये घडवलेली. ती ज्या संगमरवरी चौथऱ्यांवर ठेवली आहे, ते मात्र मेदिची घराण्यातल्याच कोझिमो तिसरा याने फ्लॉरेन्समध्ये करवून जहाजाने पाठवले, आणि 1698 मध्ये ते तिथे उभे राहिले. शिल्पकार जोव्हान्नी बात्तिस्ता फोज्जिनी, याच कारखान्यांचा प्रमुख. त्रिबूनाच्या जमिनीवरचं दगडकाम नीट बघितलंत तर गोव्यातला तो चौथरा, त्यावरचे रंगीत दगड नि ब्राँझची चार दृश्यं तुम्हाला ओळखीची वाटतील.

आता दिवसाचा हिशेब. सोमवारी उफिझी बंद असते. सकाळच्या पहिल्या वेळेचं बुकिंग करा. चढायला खूप पायऱ्या आहेत, तेव्हा आई-बाबांसाठी लिफ्टची विचारणा दाराशीच करा. वरच्या मजल्याला तीन तास द्या: जॉत्तो आणि चिमाबुए यांच्या मोठ्या वेदीचित्रांसमोर थोडा वेळ, मग वर सांगितलेल्या जोड्या, आणि लिओनार्दोचं 'शुभवार्ता', म्हणजे देवदूत मेरीला येशूच्या जन्माची बातमी देतो ते चित्र. ते समोरून बघून झालं की उजवीकडे सरकून तिरकं बघा. समोरून जरा लांबलेला वाटणारा मेरीचा उजवा हात तिथून जागेवर येतो. बाकी खोल्या बिनधास्त सोडा.

दुपारी पूल चालत ओलांडा आणि सांता फेलिचिता चर्चमध्ये जा. दुपारच्या वेळी चर्च बंद ठेवतात, म्हणून वेळ आधी बघून घ्या. डोक्यावरून व्हासारी कॉरिडॉर गेलेला दिसेल. आत चर्चच्या मुख्य दालनाकडे तोंड करून सज्जा आहे, तिथे बसून मेदिची घराणं कुणाला न दिसता प्रार्थना ऐकायचं. आत शिरताच उजव्या हाताच्या कोपऱ्यात काप्पोनी चॅपेल आहे, आणि त्यात पोन्तोर्मोचं 'क्रूसावरून उतरवलेला ख्रिस्त', 1525 ते 1528. चित्रात क्रूस नाही, जमीनही जवळपास नाही. फिकट गुलाबी, आकाशी, हिरवट रंगांतली माणसं एकमेकांच्या आधाराने तरंगल्यासारखी. ख्रिस्ताला पेलणारा तरुण चवड्यांवर उकिडवा बसलाय, आणि एवढ्या देहाचा भार त्याच्या पायाच्या बोटांवर कसा येईल हे कळत नाही. व्हासारीने लिहून ठेवलंय की पोन्तोर्मोने तीन वर्षं चॅपेल फळ्या ठोकून बंद ठेवलं होतं, आत कुणाला येऊ दिलं नाही. सावल्या जवळजवळ नाहीत हे त्याला खटकलंही होतं. मला ते चित्र फ्लॉरेन्समधलं सर्वांत धीट चित्र वाटतं. दिव्यासाठी सुटी नाणी जवळ ठेवा. खुर्च्या आहेत, गर्दी नसते, आई-बाबांना हवा तेवढा वेळ बसता येईल.